स्कोअर एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात नेताना

फिनाले हे स्टाफ नोटेशनचं, म्हणजे पाच रेघांच्या स्टाफवर सूर लिहिण्याच्या पाश्चात्त्य पद्धतीचं सॉफ्टवेअर 1988 साली बाजारात आलं. 26 ऑगस्ट 2024 रोजी मेकम्युझिक कंपनीनं त्यावरचं काम थांबवत असल्याचं जाहीर केलं आणि तीन दशकांहून जास्त काळ साठलेल्या फायलींचं पुढे काय, हा प्रश्न जगभरच्या संगीतकारांपुढे उभा राहिला. पण सॉफ्टवेअर बदलायला एवढं मोठं कारण लागतंच असं नाही. सोबतचा अरेंजर सिबेलियस हे याच प्रकारचं दुसरं सॉफ्टवेअर वापरतो, शिक्षकांना डोरिको या तिसऱ्याची फाइल हवी असते, किंवा दरवर्षी पैसे भरण्यापेक्षा फुकटचं म्यूझस्कोर बरं असं वाटू लागतं. कारण कुठलंही असो, नवखा माणूस अडकतो तो एकाच ठिकाणी. फाइल नव्या सॉफ्टवेअरमध्ये उघडते, सूर बहुतेक बरोबर असतात, पण पान विस्कटलेलं दिसतं. मग तो एकेक खूण माउसनं ओढून जागेवर आणू लागतो आणि त्यात अख्खी संध्याकाळ जाते.

हा लेख ती संध्याकाळ वाचवण्यासाठी आहे. सूर, लय, शब्द आणि खुणा जुन्या फाइलमधून उचलून न्या. पानाची मांडणी मात्र जशीच्या तशी येईल अशी अपेक्षा ठेवू नका. ती नव्या सॉफ्टवेअरमध्ये नियम लावून पुन्हा करा. ऐकायला हे जास्तीचं काम वाटतं, प्रत्यक्षात कमीच काम लागतं.

फाइल नेमकी कशी जाते

प्रत्येक सॉफ्टवेअरची फाइल फक्त त्यालाच नीट वाचता येते. म्हणून मधे एक सामायिक भाषा लागते, ती म्हणजे म्युझिकएक्सएमएल. तिची पहिली आवृत्ती 2004 साली आली, मायकेल गुड यांच्या रेकॉर्डेअर कंपनीकडून. आता ती वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमच्या एका गटाकडे आहे आणि 4.0 ही आवृत्ती 2021 सालची आहे. फिनाले, सिबेलियस, डोरिको आणि म्यूझस्कोर या चौघांनाही ती लिहिता येते आणि वाचताही येते.

काही जण हेच काम मिडी फाइलनं करायला जातात. ते टाळा. सुराबाबत मिडीला फक्त कळ दाबल्याचा क्रमांक कळतो. एफ शार्प आणि जी फ्लॅट दोन्ही तिच्या लेखी 66 हा एकच आकडा आहेत, त्यामुळे कुठला लिहायचा हे नवं सॉफ्टवेअर अंदाजानं ठरवतं. स्लर (सूर सलग जोडणारी कमान), स्टकॅटोचे (तुटक वाजवण्याचे) ठिपके, लिहिलेले डायनॅमिक्स (हळू-मोठ्याच्या खुणा), कुठला सूर कुठल्या आवाजातला (स्वतंत्र सुरावटीतला), हे सगळं वाटेत गळून पडतं. मिडी हा सगळे रस्ते बंद झाल्यावरचा उपाय आहे.

जुनी फाइल उघडतच नाही आणि हाती फक्त छापील कागद किंवा पीडीएफ आहे, असंही होतं. अशा वेळी पान वाचून त्याचं म्युझिकएक्सएमएल करणारी सॉफ्टवेअरं आहेत. ऑडिव्हेरिस हे त्यातलं मुक्त स्रोत. स्वच्छ छपाई असेल तर उपयोग होतो. हस्तलिखितावर त्याचा भरवसा धरू नये, आणि छपाई स्वच्छ असली तरी प्रत्येक बार (दोन उभ्या रेघांमधला मात्रांचा खंड) डोळ्यांखालून घालावाच लागतो.

निघण्यापूर्वी

पहिलं काम पीडीएफचं. पूर्ण स्कोअर, म्हणजे सगळी वाद्यं एकत्र असलेली प्रत, आणि प्रत्येक वाद्याचा सुटा पार्ट जुन्या सॉफ्टवेअरमधून पीडीएफ करून ठेवा. जमलं तर ऑडिओही काढा. पुढे कधी शंका आली की मूळ काय होतं हे सांगणारा साक्षीदार तोच. जुनं सॉफ्टवेअर संगणकावर चालतंय तोवर हे करून घ्या. ऑपरेटिंग सिस्टीम अद्ययावत केली आणि दुसऱ्या दिवशी ते उघडेना, असं सहज घडतं.

दुसरं काम स्वच्छतेचं, आणि इथेच खरा वेळ घालवावा. बरीच वर्षं एकच सॉफ्टवेअर वापरणारा माणूस हळूहळू जुगाड शिकतो. टायच्या, म्हणजे एकाच सुराची लांबी वाढवणाऱ्या कमानीच्या, जागी स्लर काढलेला असतो, कारण दिसायला दोन्ही सारखेच. 'पियानो' म्हणजे हळू वाजवा या सूचनेचा इंग्रजी पी हा साध्या मजकुराच्या चौकटीत टाइप केलेला असतो. क्रेशेंडोची कैची, म्हणजे आवाज वाढवत नेण्याची खूण, रेघांचं साधन वापरून हातानं काढलेली असते. अंक नुसता वर लिहून ट्रिप्लेटचा (दोन सुरांच्या वेळेत तीन) आभास केलेला असतो. नको असलेले विराम लपवलेले असतात. कागदावर यातलं काहीच खटकत नाही. म्युझिकएक्सएमएल मात्र दिसण्यापेक्षा अर्थ नेतं: टाय असेल तर टाय, मजकूर असेल तर मजकूर. त्यामुळे हातानं काढलेली कैची पलीकडे नुसती रेघ म्हणून पोहोचते किंवा पोहोचतच नाही, आणि लपवलेले विराम कधी कधी राजरोस उघडे पडतात. शक्य तितके जुगाड जुन्याच फाइलमध्ये खऱ्या खुणांनी बदलून घ्या. ज्या सॉफ्टवेअरमध्ये तुमचा हात बसलेला आहे तिथे ही दुरुस्ती पटापट होते.

क्लॅरिनेट, ट्रम्पेट, हॉर्न अशी ट्रान्सपोझ होणारी, म्हणजे लिहिलेल्यापेक्षा वेगळा सूर वाजणारी, वाद्यं असतील तर निर्यात करताना स्कोअर लिखित सुरांच्या रूपात ठेवा, म्हणजे वादकाला कागदावर जे दिसतं त्या रूपात. म्युझिकएक्सएमएल मुळात लिखित सूर साठवतं आणि तो किती वर-खाली वाजतो हे वेगळं नोंदवतं. कॉन्सर्ट पिचमधल्या, म्हणजे प्रत्यक्ष वाजणारे सूर दाखवणाऱ्या, फायलींत याच ठिकाणी घोळ होतो.

गाण्याचे शब्द देवनागरीत असतील तर ते युनिकोडमध्ये आहेत ना, हेही पाहून घ्या. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टात टाइप केलेले शब्द पलीकडे निरर्थक रोमन अक्षरं होऊन उतरतात, आणि ते पुन्हा टाइप करण्याखेरीज इलाज नसतो.

मग निर्यात. सगळीकडे ती फाइल मेनूतल्या एक्स्पोर्टखाली सापडते. फिनालेमध्ये एक अख्खा फोल्डर एकदम म्युझिकएक्सएमएल करायची सोय आहे. शेकडो फायली असतील तर ती वापरा. आज लागत नसलेल्या रचनाही करून ठेवा.

आधी एक छोटी चाचणी

सिंफनी घेऊन सुरुवात करू नका. एखादं पान निवडा ज्यात सगळं थोडंथोडं आहे: उचल बार (सुरुवातीचा अपुरा बार), पुनरावृत्तीचे पहिला-दुसरा शेवट, एकाच स्टाफवर दोन आवाज, ग्रेस नोट (मुख्य सुराआधीचा छोटा सूर), ट्रिप्लेट, कॉर्डची चिन्हं, गाण्याचे शब्द, एखादं ट्रान्सपोझ होणारं वाद्य. ते न्या आणि पीडीएफ शेजारी ठेवून ताडून पाहा. पहिल्यांदा बारची संख्या मोजा. शेवटच्या बारचा क्रमांक दोन्हीकडे सारखा असेल तर मोठं काही हरवलेलं नाही. मग एकदा वाजवून ऐका. बासरी आणि क्लॅरिनेट एकाच सुरात असलेली जागा असेल तर तीच ऐका; ट्रान्सपोझिशन चुकलं असेल तर कान लगेच सांगतो.

यातून तुमच्या फायलींच्या ठरावीक चुका कळतात, कारण एकाच माणसाच्या सगळ्या फायली साधारण एकाच प्रकारे बिघडतात. पुढच्या प्रत्येक फाइलमध्ये काय शोधायचं हे या एका पानावरून ठरतं.

उघडताना काय घ्यायचं, काय सोडायचं

म्युझिकएक्सएमएलमध्ये पानाचा आकार, समास, ओळ कुठे तुटते, खूण किती वर-खाली आहे, अशी मांडणीची माहितीही असू शकते. ती घ्यायची की नाही हे उघडणाऱ्याच्या हाती असतं. म्यूझस्कोर आणि डोरिकोमध्ये प्रेफरन्सेसमध्ये याचे पर्याय आहेत. सिबेलियस फाइल उघडतानाच विचारतं. माझा सल्ला सरळ आहे: मांडणीचे पर्याय बंद करा. जुन्या फॉन्टच्या मापानं ठरलेल्या जागा नव्या फॉन्टला बसत नाहीत. फिनालेचा मायस्ट्रो, सिबेलियसचा ओपस, डोरिकोचा ब्राव्हुरा आणि म्यूझस्कोरचा लेलँड यांच्या चिन्हांची रुंदी, उंची, जाडी वेगवेगळी आहे. जागा जुन्या आणि चिन्हं नवी असं झालं की एकमेकांवर चढतात.

अपवाद एकच. छापून झालेल्या आवृत्तीशी पान न पान जुळायलाच हवं असेल, म्हणजे वादकांकडे जुने पार्ट आहेत आणि तुम्ही फक्त स्कोअर बदलताय, तर ओळी आणि पानं तुटण्याच्या जागा तेवढ्या घ्या. बाकी नको.

डोरिकोचा स्वभाव थोडा निराळा आहे. लांबी किती हे ते लक्षात ठेवतं आणि ती कशी लिहायची हे तालाच्या नियमांनुसार स्वतः ठरवतं. त्यामुळे मूळ फाइलमध्ये टायनं जोडलेले दोन सूर इथे एकच ठिपक्याचा सूर होऊन येऊ शकतात. ती चूक समजू नका. बहुतेकदा तेच लेखन वाचायला सोपं असतं. डोरिकोत आणखी एक चांगली सोय आहे. आधी तुमच्या पसंतीचा प्रोजेक्ट तयार करून त्यात म्युझिकएक्सएमएल नव्या फ्लोसारखं, म्हणजे त्यातलीच एक स्वतंत्र रचना म्हणून, आत घेता येतं, म्हणजे मांडणीचे नियम आधीपासून जागेवर असतात.

बोटांची सवय

यावर फार बोलायला नको, पण एक गोष्ट आधीच माहीत असलेली बरी. क्वार्टर नोटसाठी फिनाले आणि म्यूझस्कोरमध्ये 5 दाबतात, सिबेलियसच्या कीपॅडवर 4 आणि डोरिकोत 6. फिनालेवरून म्यूझस्कोरवर येणाऱ्याची बोटं म्हणूनच लवकर रुळतात. डोरिकोत गेलेला माणूस काही दिवस सगळे सूर अर्ध्या लांबीचे लिहून वैतागतो. शिवाय बहुतेक सॉफ्टवेअरं आधी लांबी, मग सूर अशा क्रमानं चालतात. आधी सूर, मग लांबी ही फिनालेच्या स्पीडी एंट्रीची पद्धत हाताला बसली असेल तर डोरिकोत ती निवडता येते.

मांडणी: मोठ्याकडून लहानाकडे

आता मुख्य काम. मांडणीचा क्रम पाळला तर निम्म्या अडचणी येतच नाहीत: कागद, समास, स्टाफचं माप, उभं अंतर, आडवं अंतर, ओळी आणि पानं तोडणं, आणि सगळ्यात शेवटी हातानं ओढणं. नवखे लोक नेमके उलटीकडून सुरू करतात. एखादा 'मेझो फोर्टे' दोन मिलिमीटर खाली ओढतात, मग स्टाफचं माप बदलतात आणि ओढलेलं सगळं पुन्हा भलतीकडे जातं.

कागदाचा आकार आधी तपासा. ए4 हा 210 × 297 मिमी असतो, अमेरिकेतला लेटर साधारण 216 × 279 मिमी. म्हणजे ए4 सुमारे 6 मिमी अरुंद आणि 18 मिमी लांब. लेटरवर बसवलेला स्कोअर ए4 वर छापला की प्रिंटर गुपचूप तो लहान करतो किंवा कडा कापतो.

स्टाफचं माप हा सगळ्यात मोठा निर्णय. पाच रेघांची उंची, म्हणजे खालच्या रेघेपासून वरच्या रेघेपर्यंतचं अंतर, सुट्या पार्टसाठी 7 मिमीच्या आसपास असावी. दोन वादक एकाच स्टँडवर वाचणार असतील तर किंचित मोठी. पूर्ण ऑर्केस्ट्राच्या स्कोअरमध्ये ती बरीच लहान करावी लागते, कारण एका पानावर वीसेक स्टाफ बसवायचे असतात. म्यूझस्कोरमध्ये हे माप दोन रेघांमधल्या अंतरानं सांगतात: 1.75 मिमी म्हणजे चार पट, 7 मिमी. लिलीपाँड या मजकूर टाइप करून स्कोअर बनवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये पॉइंटमध्ये सांगतात आणि तिथलं मूळ माप 20 पॉइंट, म्हणजे पुन्हा साधारण 7 मिमीच. बाकीची बहुतेक अंतरं या रेघांमधल्या अंतराच्या पटीत मोजली जातात, म्हणून हे एक माप बदललं की सगळं पान बदलतं. म्हणूनच ते आधी ठरवायचं.

ठरवायचं कसं? पडद्यावर पाहून नाही. एक पान छापा, स्टँडवर ठेवा आणि वाजवायला बसता तेवढ्या अंतरावरून वाचा. छापताना 'पानात बसवा' हा पर्याय बंद आणि प्रमाण 100 टक्के. पट्टी लावून स्टाफ मोजून पाहिला तर आणखी चांगलं.

उभ्या अंतरात घाई महागात पडते. पानावर एक ओळ जास्त बसावी म्हणून स्टाफ एकमेकांत घुसवले की वरच्या स्टाफचे डायनॅमिक्स आणि खालच्याच्या लेजर रेघा (स्टाफबाहेरच्या सुरांसाठीच्या छोट्या रेघा) भांडू लागतात. दोन स्टाफमधलं अंतर दोन ओळींमधल्या, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्टाफच्या दोन गटांमधल्या, अंतरापेक्षा स्पष्टपणे कमी हवं, म्हणजे कुठले स्टाफ एकत्र वाजतात हे डोळ्याला न वाचताच कळतं. जागा कमी पडत असेल तर आधी रिकामे स्टाफ लपवा. तरीही बसत नसेल तर एक पान वाढवा. कागद वाचवण्याच्या नादात वाचता न येणारा स्कोअर करण्यात काय हशील?

आडव्या अंतराचं गणित सॉफ्टवेअर स्वतः करतं, पण ते समजून घेतलं तर बरं. दुप्पट लांबीच्या सुराला दुप्पट जागा मिळत नाही, साधारण 1.4 ते 1.6 पट मिळते. हे गुणोत्तर स्टाइल किंवा लेआउटच्या पर्यायांत बदलता येतं. संपूर्ण रचना दाट किंवा विरळ करायची असेल तर इथे बदल करा, एकेक बार ताणत बसू नका. एखादीच ओळ घट्ट करायची असेल तर म्यूझस्कोरमध्ये बार निवडून त्याचा ताण कमी-जास्त करायची सोय आहे.

'दर ओळीत चार बार' हा नियम साध्या गाण्याला शोभतो. जिथे एका बारमध्ये एक होल नोट आणि पुढच्यात सोळा छोटे सूर आहेत तिथे तो पान कुरूप करतो. बार मोजण्यापेक्षा सुरावटीचं वाक्य कुठे संपतं ते पाहा आणि ओळ तिथे तोडा.

तोडण्यासाठी म्यूझस्कोर आणि सिबेलियस दोन्हीत बार-रेघ निवडून एंटर दाबलं की नवी ओळ, कंट्रोलसह एंटर दाबलं की नवं पान. मॅकवर कंट्रोलच्या जागी कमांड. डोरिकोत एनग्रेव्ह मोडमध्ये जाऊन शिफ्टसह एस दाबलं की नवी ओळ, शिफ्टसह एफ दाबलं की नवी चौकट, म्हणजे व्यवहारात नवं पान. लिलीपाँडमध्ये हेच मजकुरात एक आज्ञा लिहून होतं. बाहेरून आलेल्या फाइलमध्ये जुनी तोड शिल्लक असेल तर आधी सगळी काढून टाका आणि सॉफ्टवेअरला मोकळं सोडून पाहा. सिबेलियसमध्ये कधी कधी फॉरमॅट कुलुपबंद होऊन येतो आणि काहीच हलेना म्हणून माणूस हैराण होतो. लेआउटमधलं अनलॉक फॉरमॅट शोधा.

शेवटच्या ओळीत एकटाच बार उरला तर तो ओढून पूर्ण रुंदीचा करू नका. आधीच्या दोन-तीन ओळींमधून एकेक बार खाली ढकला.

पान उलटण्याची जागा

पूर्ण स्कोअरमध्ये हे फारसं महत्त्वाचं नाही. पार्टमध्ये मात्र सगळ्यात आधी हेच पाहावं. वादकाचे दोन्ही हात वाद्यावर असतात. पान उलटायला एक हात आणि एखादा विराम लागतो. पुस्तकासारख्या बांधलेल्या पार्टमध्ये विषम क्रमांकाचं पान उजवीकडे येतं, म्हणून उलटणं होतं ते फक्त विषम पानाच्या तळाशी. सम पानाच्या शेवटी काहीही असलं तरी चालतं, नजर नुसती शेजारच्या पानावर जाते.

म्हणून प्रत्येक विषम पानाच्या शेवटाजवळचा विराम शोधा आणि पान तिथे तोडा, मग पानाचा एक तृतीयांश भाग रिकामा राहिला तरी चालेल. विराम उलटण्याच्या आधी असो वा नंतर, चालतो. पुढच्या पानाच्या पहिल्या दोन बारांत विराम असला तरी काम भागतं. लय जलद असेल तर विराम तितका लांब हवा. मजकूर दोन पानांचा असेल आणि मधे विरामच नसेल तर पहिलं पान मुखपृष्ठासाठी सोडून संगीत दुसऱ्या पानापासून सुरू करा. दोन पानं समोरासमोर येतात आणि उलटणं उरतच नाही. उलटणं घाईचं असेलच तर तळाशी व्ही. एस. लिहितात, लगेच उलटा अशी ती सूचना.

यासाठी सलग रिकामे बार एकत्र करून दाखवणारा बहु-बार विराम पार्टमध्ये चालू आहे ना, हे आधी पाहा. तो चालू-बंद झाला की सगळी पानं सरकतात.

हातानं ओढणं, आणि ते पुन्हा करावं लागू नये म्हणून

इथवर आल्यावर फार थोड्या गोष्टी चुकीच्या जागी उरतात. ओढण्यापूर्वी एकदा विचारा: ही चूक एका ठिकाणी आहे की सगळीकडे? सगळेच रिहर्सल मार्क (तालमीत जागा सांगण्याच्या खुणा) स्टाफला चिकटलेले असतील तर तो स्टाइलमधला एक आकडा आहे. म्यूझस्कोरमध्ये फॉरमॅट मेनूतलं स्टाइल, सिबेलियसमध्ये एनग्रेव्हिंग रूल्स, डोरिकोत एनग्रेव्हिंग ऑप्शन्स आणि लेआउट ऑप्शन्स. एका ठिकाणची असेल तरच ओढा. आधी कुणी ओढून ठेवलेलं असेल तर ते निवडून मूळ जागी परत पाठवायची आज्ञा सगळीकडे आहे, ती आधी वापरून पाहा. निम्म्या वेळा तेवढ्यानंच काम होतं.

माप, अंतरं आणि फॉन्ट मनासारखे झाले की ते वेगळे साठवा. म्यूझस्कोरमध्ये स्टाइल फाइल साठवता येते, सिबेलियसमध्ये हाउस स्टाइल निर्यात करता येते, डोरिकोत पर्याय पुढच्या प्रोजेक्टसाठी मूळ पर्याय म्हणून ठेवता येतात. पहिल्या रचनेवर घातलेले तास दुसऱ्या रचनेला एका क्लिकवर मिळतात.

शेवटी पीडीएफ काढा. पूर्ण स्कोअरची एक आणि प्रत्येक पार्टची वेगळी, नावात वाद्य आणि तारीख असलेली. स्कोअरमधले आणि पार्टमधले बार क्रमांक जुळतात का पाहा, विशेषतः उचल बार असेल तेव्हा. एका ठिकाणी तो शून्य आणि दुसऱ्या ठिकाणी एक धरला गेला तर तालमीत 'चाळीसपासून' म्हटल्यावर अर्धे लोक एका बारनं पुढे असतात. मग ती पीडीएफ तुमचं सॉफ्टवेअर आणि फॉन्ट नसलेल्या दुसऱ्या संगणकावर किंवा फोनवर उघडा. क्लेफच्या जागी रिकामा चौकोन दिसला तर फॉन्ट फाइलमध्ये बसलेला नाही. निर्यातीचे पर्याय पुन्हा पाहा आणि मगच पाठवा.